चाहतीची वही

गेल्या हिवाळ्यात एका छोट्या चित्रपट मंडळात 'उंबरठा'वर बोलायचा योग आला. बोलून झाल्यावर मागच्या रांगेतले एक ज्येष्ठ गृहस्थ उठले. वाचन दांडगं, आवाज मऊ. म्हणाले, "ताई, बोललात छान, पण ही समीक्षा नव्हे, आरती झाली." सभागृह हसलं, मीही हसले. मग त्यांनी थेट अभिनवगुप्तच काढला. रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्नं त्याने सांगितली आहेत. त्यांतलं एक म्हणजे बघणारा स्वतःच्याच सुखदुःखाच्या तावडीत सापडणं, 'निजसुखादिविवशीभाव'. चाहत्याला नेमकं हेच झालेलं असतं, सबब चाहत्याने समीक्षेच्या वाटेला जाऊ नये, असा त्यांचा निवाडा.

हे मत त्या गृहस्थांचं एकट्याचं असतं तर लिहायला बसले नसते. पण भक्ती आणि चिकित्सा एका घरात नांदत नाहीत, हे आपल्याकडे जवळजवळ सर्वमान्य आहे, आणि विषय मालिकांचा किंवा बायकांच्या सिनेमाचा असला की ते आणखी ठासून सांगितलं जातं. त्यात तथ्य नाही असंही नाही. चाहता पात्राला नात्यातलं माणूस समजतो, त्याचे दोष पोटात घालतो. कुठल्या प्रसंगात कुठली साडी होती हे लक्षात ठेवतो आणि त्यालाच अभ्यास म्हणतो. मी स्वतः अकरावीत 'उंबरठा' पहिल्यांदा पाहिला आणि पुढची दोन वर्षं स्मिता पाटीलसारखी मान वळवायचा सराव केला. त्या वयातल्या माझ्याकडून कुणी परीक्षण लिहून घेतलं असतं तर ती आरतीच झाली असती, तीही बेसूर.

पण अभिनवगुप्ताला साक्षीला बोलवायचं तर त्याची साक्ष पुरी ऐकावी लागते. पहिली गोष्ट, ते विघ्न कलाकृतीवरच्या प्रेमाचं नाहीच. घरच्या काळजीने किंवा स्वतःच्या आनंदाने मन इतकं भरलेलं असतं की समोरचं नाटक आत शिरतच नाही, ही ती अडचण. म्हणून तर गीत, वाद्य, सजवलेला मंडप हे त्यावरचे उपाय. रात्री बारापर्यंत मजकूर द्यायचा म्हणून घड्याळाकडे बघत बसलेल्या परीक्षकाला ते विघ्न माझ्यापेक्षा जास्त बाधतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. 'लोचना'त तोच अभिनवगुप्त सहृदय कोण ते सांगतो: काव्याच्या सततच्या अनुशीलनाने, अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे तो. अनुशीलन म्हणजे पुन्हापुन्हा त्याच गोष्टीकडे जाणं. आजच्या भाषेत तेच करणाऱ्याला आपण फॅन म्हणतो आणि त्याच्याकडे बघून हसतो.

सगळ्यांकडे बघून मात्र हसत नाही. बालगंधर्वांच्या एकेका पदाच्या चार-चार ध्वनिमुद्रिका जपून ठेवणारे, कुठल्या तबकडीत कुठली हरकत जास्तीची आहे हे सांगणारे आजोबा माझ्या माहेरच्या गल्लीत होते. त्यांना कुणी भाबडं म्हटलं नाही. त्यांना दर्दी म्हणत, जाणकार म्हणत, 'तानसेन नसले तरी कानसेन आहेत' असं कौतुकाने सांगत. त्यांची सून रोज एक मालिका न चुकता बघायची आणि पात्राच्या बोलण्यात सहा महिन्यांपूर्वीच्या भागाशी विसंगती आली की पोळ्या लाटता लाटता पकडायची. कान तोच, स्मरण तेच. तिला म्हणायचे, टीव्हीचा नाद लागलाय.

माझी एक वही आहे. 'उंबरठा' जितक्या वेळा पाहिला तितक्या वेळा तीत वेगळ्या शाईने नोंदी केल्या. सध्या चौदा शाया आहेत; त्यांतल्या दोन सारख्याच निळ्या, कारण दुकानदाराने फसवलं. पहिल्या तीन शायांत बहुतेक गाणी आणि स्मिता आहे. ती आधी मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचायची. कॅमेऱ्याकडे थेट, कसली विनवणी न करता बघायची तिची सवय तिथली असावी, असा माझा त्या वेळचा तर्क. चौथ्या शाईत शीर्षकांचा प्रश्न येतो. शांता निसळांच्या कादंबरीचं नाव 'बेघर'. विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली, जब्बार पटेलांनी १९८२ साली चित्रपट केला आणि तो 'उंबरठा' झाला. हिंदीत तोच 'सुबह'. एकच गोष्ट, तीन नावं. पहिलं नाव काय गमावलं ते सांगतं, तिसरं काय मिळणार याचा भरवसा देतं, मधलं फक्त एका जागेकडे बोट दाखवतं. या चित्रपटाबद्दल छापील मत एकच असतं: घर की स्वतःची वाट, या पेचातून सुलभा महाजन वाट निवडते. हे वर्णन 'सुबह'चं झालं. प्रत्यक्ष चित्रपट इतका सरळ पहाटेकडे जात नाही.

सहाव्यांदा पाहताना ते माझ्या लक्षात आलं. सुलभा वकील नवऱ्याचं घर, जावेच्या हवाली केलेली मुलगी, समाजकार्य घरच्या चौकटीत बसवणारी सासू, हे सगळं मागे ठेवून संगमवाडीच्या महिलाश्रमात अधीक्षिका म्हणून येते. इथवर सगळ्यांना आठवतं. पण तिची नोकरी काय आहे? आतल्या बायकांना बाहेर जाऊ न देण्याची. एक उंबरठा ओलांडून आलेली बाई पगार घेऊन दुसऱ्या उंबरठ्याची राखण करते. समितीतल्या बायका म्हणजे निराळ्या लुगड्यातली तिची सासूच. तिला हे उमगतं, ती भांडते, शेवटी राजीनामा देते, म्हणजे तोही उंबरठा ओलांडते. घरी परतते तर नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली, आणि हे सगळं आहे तसं चालू राहावं असं त्याला मनापासून वाटतं. ती पुन्हा निघते. तीनदा ओलांडलेल्या उंबरठ्याला 'घर की करिअर' म्हणणं म्हणजे तीन अंकी नाटकाचा पहिला अंक बघून घरी येण्यासारखं आहे. हे मला हुशारीने कळलं असा दावा नाही. सहा वेळा बघितलं म्हणून कळलं, आणि सहा वेळा बघितलं ते आवडलं म्हणून.

मंडळातल्या गृहस्थांना यावर उत्तर असेलच: तपशील सापडला, मान्य, पण दोष? आवडत्या गोष्टीचा दोष चाहता बोलून दाखवतो का? इथे माझ्या दुसऱ्या प्रेमाकडे यावं लागतं. ते अमेरिकन टीव्हीचं आहे.

१९७४ साली मॉली हॅस्केल या समीक्षिकेचं हॉलिवूडमधल्या स्त्रीप्रतिमांवरचं 'फ्रॉम रेव्हरन्स टू रेप' हे पुस्तक आलं. ते बार्बरा कॉर्डेने निर्माता बार्नी रोझेनझ्वाइगला वाचायला लावलं. पुरुषांच्या जोडगोळीचे सिनेमे ढिगाने, बायकांच्या दोस्तीचा एकही नाही, हे त्याला त्यातून उमगलं. कॉर्डे आणि बार्बरा अ‍ॅव्हेडन यांनी दोन पोलीस बायकांची पटकथा लिहिली. सिनेमा झाला नाही. १९८१ साली टीव्हीपट झाला आणि १९८२च्या मार्चमध्ये 'कॅग्नी अँड लेसी' ही मालिका सुरू झाली. सहा भागांनंतर कॅग्नी झालेल्या मेग फॉस्टरला काढलं. वाहिनीच्या एका अधिकाऱ्याने आपलं नाव न देता 'टीव्ही गाइड'ला कारण सांगितलं ते असं, की या दोघी फारच कडक वाटतात, आणि प्रेक्षकांना त्या समलिंगी वाटतील. तिच्या जागी शॅरन ग्लेस आली. १९८३ साली मालिका बंदच झाली, तेव्हा प्रेक्षकांनी पत्रांचा असा मारा केला की मार्च १९८४मध्ये ती परत आणावी लागली. १९८३ ते १९८८ अशी सलग सहा वर्षं प्रमुख नाट्य-अभिनेत्रीचा एमी पुरस्कार टाइन डेली आणि ग्लेस या दोघींनी आपसांत वाटून घेतला. समीक्षेतून निघालेली ही मालिका चाहत्यांच्या पत्रांनी जगली. त्या पत्रलेखकांना आरती करणारे म्हणायचं तर आधी त्यांचं तारतम्य पाहावं: चांगलं काय आणि टाकाऊ काय हे वाहिनीपेक्षा त्यांना आधी कळलं होतं.

दोन बायका एकमेकींच्या फार जवळ दिसतील, ही धास्ती लक्षात ठेवा. आणि ते साल, १९८२.

'बफी द व्हॅम्पायर स्लेयर' हे नाव ऐकून आमच्या घरात आजही कुणी गंभीर चेहरा ठेवू शकत नाही. शाळकरी वयाची पोर रात्री स्मशानात रक्तपिपासूंना मारते, अशी ती मालिका. १९९७ ते २००३, सात पर्वं, १४४ भाग. कल्ट म्हणावं तर हिलाच. उंबेर्तो इकोने 'कॅसाब्लान्का'वर लिहिताना म्हटलं आहे की कल्ट व्हायला कलाकृतीचं जग असं भरगच्च सजलेलं हवं की चाहत्यांना त्यातले तुकडे सुटे काढून वापरता यावेत. धनंजय मानेंचा पत्ता विचारल्यावर जो मराठी माणूस गालात हसतो, त्याला हे इकोशिवायही ठाऊक आहे. बफीत मात्र तुकड्यांखाली एक सलग विचार होता, आणि तो धरून ठेवायला सगळी पर्वं बघावी लागत.

१९९९च्या डिसेंबरातला 'हश' हा भाग घ्या. गावातल्या सगळ्यांचे आवाज चोरीला जातात आणि अर्ध्याहून अधिक भाग संवादाविना चालतो. याच भागात टारा ही लाजरी, अडखळत बोलणारी मुलगी पहिल्यांदा येते. ती आणि बफीची मैत्रीण विलो संकटात एकमेकींचा हात धरतात आणि नुसत्या मनाच्या जोराने एक अवजड यंत्र दाराशी सरकवतात. दोघींच्या प्रेमाची सुरुवात ही, शब्दावाचून. २००१च्या फेब्रुवारीतल्या 'द बॉडी'त बफीची आई वारते. त्या पूर्ण भागाला पार्श्वसंगीत नाही, आणि विलो-टाराचं पहिलं चुंबन पडद्यावर येतं ते त्या सुन्न शांततेत, शोकात. (पार्श्वसंगीत काढून टाकायचं धाडस शांतारामबापूंनी प्रभातमध्ये १९३७ साली 'कुंकू'त केलं होतं, तेही बळजबरीच्या लग्नाला नकार देणाऱ्या नीरासाठी. शांता आपटेचं ते घर आणि बफीचं हे घर मी एका वाडीत ठेवते; वहीत दोघींना एकच पान आहे.)

मग ७ मे २००२. 'सीइंग रेड' या भागाच्या श्रेयनामावलीत टारा झालेल्या अँबर बेन्सनचं नाव पहिल्यांदा मुख्य कलाकारांत झळकलं, आणि त्याच भागाच्या शेवटी दुसऱ्या कुणावर झाडलेली गोळी लागून टारा मेली. पुढे विलो सूडाने वेडीपिशी होऊन खुनी झाली. निर्मात्यांवर टीकेची जी झोड उठली ती दुरून अंतर राखून बघणाऱ्यांनी उठवली नव्हती. ती उठवली चाहत्यांनी, आणि मुद्दा रडगाण्याचा नव्हता, पुराव्याचा होता. व्हिटो रुसोने १९८१ सालच्या 'द सेल्युलॉइड क्लोझेट'मध्ये हॉलिवूडच्या पडद्यावर समलिंगी पात्रं कशी कशी मेली याची मृत्युनोंदच दिली होती. चाहत्यांनी म्हटलं, ही त्याच यादीतली पुढची नोंद: एक मरते, दुसरीला वेड लागतं, ठराविक साच्याप्रमाणे. ज्यांनी अडीच वर्षं ते प्रेम भागाभागाने वाढताना पाहिलं होतं त्यांनाच ते साच्यात कोंबलेलं कळलं. एकच भाग बघणाऱ्याला ते एक दुःखद वळण वाटलं असतं, कदाचित परिणामकारकही.

चाहत्यांनी सगळं शहाणपणानेच केलं असं मी म्हणणार नाही. काहींनी लेखकांना घाणेरड्या शिव्या घातल्या. आणि कर्ता जॉस व्हेडन याच्या गळ्यात स्त्रीवादाचा हार कित्येक वर्षं आम्हीच घालत होतो. २०२१ साली करिश्मा कारपेंटरने त्याच्या सेटवरच्या वागण्याबद्दल जाहीर आरोप केले तेव्हा तो हार आमच्याच हातात आला. माझ्या ज्येष्ठ मित्रांचा आक्षेप इथे बरोबर लागू पडतो, फक्त तो माणसाच्या भक्तीला लागू पडतो. कलाकृती चौदा वेळा बघण्याला नाही.

आता सांगते ते त्या दिवशी मंडळात सांगायचं राहून गेलं. 'उंबरठा'तल्या महिलाश्रमातही दोन बायका एकमेकींत गुंतलेल्या आहेत. १९८२च्या मराठी पडद्यावर हे दाखवणं थोर धीटपणाचं, आणि तसं म्हणणारी मी पहिली नव्हे. पण चित्रपट त्यांच्याकडे बघतो ते अधीक्षिकेच्या टेबलामागून. त्यांचं नातं हा आश्रमापुढचा एक प्रश्न आहे; त्यांना स्वतःला त्यात काय वाटतं, याला पडद्यावर जागा नाही. स्वतः तीनदा उंबरठा ओलांडणारी सुलभा या एका उंबरठ्याशी राखणदारच राहते, आणि कॅमेरा तिच्या बाजूला. टाराचा मृत्यू मनाला लागला नसता तर हे मला दिसलं नसतं. अकराव्या शाईपर्यंत दिसलं नव्हतंच. चित्रपटावर माझा हा सगळ्यांत मोठा आक्षेप आहे, आणि तो अजून कुठल्या परीक्षणात मला वाचायला मिळालेला नाही.

त्या गृहस्थांना वही दाखवायला नेली होती. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ ते पान पाहिलं. त्या प्रसंगाच्या समासात तीन शायांची तीन प्रश्नचिन्हं आहेत, हिरव्या, तपकिरी आणि जांभळ्या. "ही जांभळी केव्हाची?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कालची.