टेंडरवरची अक्षरं: वाफेच्या इंजिनाचं मॉडेल आणि जुने फोटो

वाफेच्या इंजिनाचं मॉडेल पुन्हा रंगवायचं आणि त्यासाठी जुने फोटो शोधायचे, हा छंदाचा विषय झाला, यात इतिहास कुठे आला, असं काहींना वाटेल. पण ब्रश रंगात बुडवण्याआधीच प्रश्न उभा राहतो, की हे इंजिन कोणत्या सालातलं दाखवायचं? 'जुन्या काळातलं' म्हणून भागत नाही. साल ठरल्याशिवाय टेंडरवर, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाड्यावर, एकही अक्षर लिहिता येत नाही.

आमच्याकडे रंगवायला आलं ते वायपी जातीचं, मीटर गेजचं पॅसेंजर इंजिन. पुढे चार, मध्ये सहा, मागे दोन अशी चाकं. ज्या काकांचं ते मॉडेल, त्यांची मागणी एकच होती: टेंडरवर 'कोल्हापूर स्टेट रेल्वे' असं झळकलं पाहिजे. 'आमच्या महाराजांची रेल्वे होती ना? मग नाव का नको?' त्यांचा अभिमान आम्हाला कळतो, आम्हीही इथलेच. मिरज-कोल्हापूर मार्गाची पायाभरणी १८८८ मध्ये झाली, कुदळ मारली ती जेमतेम चौदा वर्षांच्या शाहू महाराजांनी, आणि १८९१ मध्ये गाडी सुरू झाली. मार्ग संस्थानचा, यात वाद नाही.

पण मार्ग कुणाचा आणि गाडी कोण चालवतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाड्या चालवण्याचं काम सदर्न मराठा रेल्वे कंपनीकडे होतं. १९०८ मध्ये ती मद्रास रेल्वेशी जोडली गेली आणि मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली. म्हणजे संस्थानच्या रुळांवरून कंपनीच्या गाड्या. रूळ महाराजांचे म्हणून इंजिनावर महाराजांचं नाव, असा हिशेब आपोआप लागत नाही. त्यासाठी फोटो दाखवावा लागतो.

आता वायपीचं बघा. कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं १ मार्च १९४९ ला. आणि वायपी इंजिनं बनायला लागली तीच १९४९ च्या सुमारास, आधी परदेशात, मग जमशेदपूरला टेल्कोत. म्हणजे संस्थान गेलं आणि वायपी आली. या इंजिनावर संस्थानचं नाव असायला वेळच मिळाला नाही. काकांना हे पटायला तीन चहा लागले.

मग लिहायचं काय? १४ एप्रिल १९५१ ला दक्षिण रेल्वे स्थापन झाली, हा भाग तिच्याकडे गेला. २ ऑक्टोबर १९६६ ला दक्षिण मध्य रेल्वे निघाली, हुबळी विभाग तिच्यात गेला. आणि १९७१ च्या सुमारास इथे ब्रॉड गेज आलं, मीटर गेज संपलं. थोडक्यात, या मार्गावरची वायपी दाखवायची तर हातात वीसएक वर्षं, आणि त्यातही दोन वेगवेगळ्या रेल्वे. उलटंही खरं आहे बरं का. फोटोत टेंडरवरची अक्षरं वाचता आली, तर मागे तारीख नसलेला फोटोसुद्धा आपलं वय सांगतो.

फोटो मिळतात कुठे? कारखान्याचे अधिकृत फोटो सगळ्यात देखणे. मँचेस्टरच्या बेयर पीकॉकसारख्या कारखान्यांचे संग्रह ब्रिटनमध्ये जपलेले आहेत. पण तिथे एक सापळा आहे. ब्रिटिश कारखान्यांमध्ये पद्धत अशी होती, की फोटोपुरतं इंजिन फिक्या करड्या रंगात रंगवायचं, म्हणजे रिव्हेट, पाइप, रेषा सगळं स्वच्छ उमटतं. फोटो झाला की खरा रंग. त्यामुळे हा फोटो आकारासाठी सोनं, रंगासाठी निरुपयोगी. संग्रहालयात किंवा स्टेशनबाहेर चौथऱ्यावर ठेवलेल्या इंजिनांचंही तसंच. मापं जरूर घ्या, दिल्लीला जा, म्हैसूरला जा. पण चौथऱ्यावरच्या इंजिनाला लाल-पिवळे पट्टे कुणी कधी ओढले, ते इंजिन थोडंच सांगणार.

परदेशी शौकिनांच्या रंगीत स्लाइड्सही असतात. वाफेची इंजिनं टिपायला ही मंडळी भारतात मोठ्या संख्येनं आली ती सत्तरच्या दशकात आणि पुढे, आपलं मीटर गेज संपल्यावर. म्हणून त्या स्लाइड्समधली वायपी बहुधा दुसऱ्या मुलखातली असते.

राहिले घरचे अल्बम. आमच्या मते खरा खजिना हाच. नवी नवरी निघाली, मुलगा पुण्याला शिकायला निघाला, सगळे फलाटावर ओळीनं उभे, आणि कोपऱ्यात अर्धं इंजिन. इंजिनासाठी कुणी फोटो काढलेला नसतो, म्हणूनच ते रोजच्या अवतारात असतं: काजळी, तेलाचे ओघळ, व्हॉल्व्हखाली क्षारांच्या पांढऱ्या रेघा. आणखी एक जागा सहसा सुचत नाही. १९४३ ते १९४८ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती, सुमारे पाच हजार माणसं, रेल्वेला लागूनच. त्यांचे अल्बम पोलंडमध्ये, ब्रिटनमध्ये नातवंडांकडे आहेत. वायपीसाठी ते उपयोगाचे नाहीत, पण संस्थानी काळातलं इंजिन करायचं असेल तर तिकडे नक्की विचारावं.

आता रंग. काळ्या-पांढऱ्या फोटोतून रंग ओळखणं हे कोल्हापूरला नवीन नाही. बाबूराव पेंटरांच्या मूकपटांच्या काळात जी फिल्म सर्रास वापरात होती, तिला तांबडा रंग दिसतच नसे. तांबडं ते काळं, निळं ते पांढरं. म्हणून त्या काळच्या चित्रांत आकाश कोरं आणि लाल लुगडं काळं दिसतं. इंजिनाच्या पुढची आडवी पट्टी, बफर बीम, साधारणपणे तांबडी असे. जुन्या फोटोत ती बॉयलरइतकीच काळी दिसते आणि नवखा माणूस ती काळी रंगवून मोकळा होतो. पुढे तांबडा ओळखणारी फिल्म रुळली, तिच्यात हीच पट्टी करडी येते. म्हणून आधी फोटोचं साल आणि मग रंग, हा क्रम उलटा करून चालत नाही. रंगीत प्रिंटवरही डोळे झाकून विसंबू नये. साठ-सत्तरच्या दशकातले प्रिंट विटले की तांबूस होतात, आणि काळं इंजिन तपकिरी भासतं.

शिवाय काळा म्हणजे डबीतला काळा नव्हे. हातभर लांबीच्या मॉडेलवर निखळ काळा भोकासारखा दिसतो, रिव्हेट गडप होतात. आम्ही त्यात थोडा करडा मिसळतो.

काकांचं इंजिन आता अंगानं काळं, बफर बीम तांबडी, आणि टेंडर कोरं आहे. दक्षिण की दक्षिण मध्य, हे एका फोटोवर अडलंय. तेव्हा तुमच्या घरी १९५१ ते १९७१ मधला कोल्हापूर, रुकडी, हातकणंगले, मिरज अशा कुठल्याही फलाटावरचा फोटो असेल, तर माणसांच्या मागे काय दिसतंय ते भिंगानं बघा. फोटो अल्बममधून ओढून काढू नका, जुना डिंक कागद फाडतो. मागे स्टुडिओचा शिक्का दिसत असेल तर त्याचाही मोबाइलवर फोटो घ्या. आणि कडा कापून फक्त माणसं पाठवू नका, आम्हाला कडाच हव्या आहेत.