ठोका कोणी धरायचा?

लाकूड किंवा ॲल्युमिनियम कोरणारे छोटे संगणकनियंत्रित यंत्र हौसेने घरी उभारणाऱ्याची सांगाडा, मोटारी आणि आट्यांचे दांडे जमवीपर्यंत फारशी त्रेधा उडत नाही. ही सामग्री डोळ्यांना दिसते, हाताला लागते. गाडे अडते ते पुढे. तळहाताएवढा कंट्रोलर बोर्ड कोणता घ्यावा आणि त्यात फर्मवेअर कोणते भरावे, या प्रश्नापाशी. नावे पुष्कळ आणि प्रत्येक नावाचा कैवारी निराळा. केवळ किंमत पाहून निवड करणारा बहुधा फसतो. कारण या नावांच्या मागे सत्तर वर्षांहून जुना एक प्रश्न उभा आहे: यंत्राच्या कामात विचार कोणी करायचा आणि ठोका कोणी धरायचा?

अमेरिकेतील मिशिगन राज्यात, ट्रॅव्हर्स सिटी येथे जॉन पार्सन्स हे कारखानदार हेलिकॉप्टरची पाती बनवीत असत. पात्याची वक्राकृती हाताने अचूक कापणे दुष्कर, म्हणून त्यांनी आणि त्यांचे सहकारी फ्रँक स्टुलेन यांनी वक्रावरील बिंदू आकडेमोडीच्या यंत्रावर काढून घेण्याची युक्ती योजली. 1949 साली वायुदलाच्या पैशाने काम पुढे सरकले आणि ते मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या प्रयोगशाळेत पोचले. सप्टेंबर 1952 मध्ये तेथे भोके पाडलेल्या फितीवर चालणारे मिलिंग यंत्र लोकांसमोर मांडण्यात आले. गणित आधीच दुसरीकडे उरकलेले असे. निर्वात नळ्यांनी भरलेल्या नियंत्रकाकडे उरे ते फीत वाचून ठरल्या वेळी स्पंद सोडण्याचे आणि टेबल खरोखर तेथे पोचले की नाही हे पाहण्याचे काम.

ही दुसरी गोष्ट हौशी यंत्राच्या नशिबी नसते. त्याच्या स्टेपर मोटारीला डोळे नाहीत. एका स्पंदाला एक पाऊल, एवढेच तिला ठाऊक. स्पंद वेडेवाकडे आले की मोटार अडखळते, पावले चुकतात आणि नियंत्रकाला त्याचा पत्ता लागत नाही. तो चुकीच्या जागेवरून पुढचे सारे काम बिनदिक्कत कापीत जातो. सहा तासांचे नक्षीकाम पाचव्या तासाला दोन मिलिमीटर सरकून वाया गेल्याच्या कहाण्या बहुधा येथूनच उगम पावतात.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात घरोघरी संगणक आले. अमेरिकेच्या मानके व तंत्रज्ञान संस्थेने तेव्हा ईएमसी नावाची नियंत्रणप्रणाली तयार केली आणि ती सर्वांना खुली ठेवली. हीच पुढे लिनक्ससीएनसी या नावाने प्रसिद्ध झाली. छपाईयंत्रासाठी असलेल्या 25 टाचण्यांच्या जोडणीतून हौशी लोक थेट मोटारींच्या ड्रायव्हरांना स्पंद पाठवू लागले. पण घरचा संगणक म्हणजे गर्दीच्या कचेरीतला कारकून. पडदा रंगवणे, तबकडी वाचणे, माऊसकडे लक्ष देणे, या धांदलीत ठोका चुकायचाच. लिनक्सच्या गाभ्यात दुरुस्ती करून ठोक्याला अग्रहक्क देण्यात आला, तेव्हा कुठे निभावले. तेही संगणक पाहून. पुढे छपाईची ती जोडणीच नव्या संगणकांवरून नाहीशी झाली आणि तिच्या जागी आलेल्या यूएसबीला काटेकोर वेळ पाळण्याचे वळण नव्हते.

या अडचणीला चपखल उत्तर 2009 साली नॉर्वेतून आले. सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनी ग्रबल हे फर्मवेअर लिहिले ते आर्डुइनो बोर्डासाठी. (इटलीतील इव्रिया गावी जन्मलेल्या या बोर्डाला तेथल्याच एका मद्यालयाचे नाव मिळालेले आहे!) आर्डुइनो उनोवरील चिपेचा वेग सेकंदाला 1 कोटी 60 लाख ठोके, कार्यक्रमासाठी जागा 32 किलोबाइट आणि कामाची स्मृती अवघी 2 किलोबाइट. एवढ्या तुटपुंज्या संसारात ग्रबल पुढच्या 16 हालचाली आधी पाहून ठेवते. सायकलस्वार वळणाआधीच वेग आवरतो, तसे. संगणकाने जी-कोडच्या ओळी पाठवाव्या, ठोका चिपेने धरावा, अशी ही वाटणी. 2011 पासून सुंगउन जॉन यांनी ते सांभाळून नावारूपाला आणले. सेकंदाला 30,000 स्पंद ही त्याची मर्यादा.

ही मर्यादा पुरेल की नाही, हे कागदावर काढता येते. मोटारीचे एका फेऱ्याला 200 टप्पे, ड्रायव्हरने प्रत्येकाचे 8 भाग केले, दांडा एका फेऱ्यात 8 मिलिमीटर सरकवतो. म्हणजे मिलिमीटरला 200 स्पंद. मिनिटाला 3,000 मिलिमीटर चालीला सेकंदाला 10,000 स्पंद लागतात. उनो सहज पुरतो. भाग 16 केले आणि चाल 6,000 वर नेली की हिशेब 40,000 वर जातो. तेव्हा ग्रबलएचएएल किंवा फ्लुइडएनसी चालवणारा 32 बिटांचा बोर्ड घ्यावा. ग्रबलमधूनच चालीच्या आखणीचा भाग घेऊन 2011 साली मार्लिन निघाले. त्याची घडण मुख्यत्वे प्लॅस्टिक वितळवून वस्तू घडवणाऱ्या यंत्रासाठी आहे. फक्त कोरणाऱ्याने त्याच्या वाटेला जाण्याचे कारण क्वचितच पडते.

लेथवर आटे पाडायचे असतील किंवा मोटारीच्या हालचालीची परतपावती हवी असेल, तर लिनक्ससीएनसीकडे वळणे सोयीचे ठरते. तेथेही जाणते लोक स्पंदांचे काम आता संगणकाकडून काढून वेगळ्या इलेक्ट्रॉनिक कार्डाकडे सोपवतात.

मात्र एक तार कोणत्याही फर्मवेअरच्या हवाली करू नये. संकटकाळचे लाल बटण दाबताच मोटारींचा आणि स्पिंडलचा विद्युत्प्रवाह थेट तुटला पाहिजे. बोर्डाला त्याची खबर मागाहून मिळाली तरी चालेल.