मैफली आणि संगीतव्याख्यानांचे ध्वनिसंग्रह आता महाजालावर

जबलपूर ते मुंबई हे अंतर रेल्वेने सुमारे १ हजार किलोमीटर आहे. जबलपूरमधील संगीताच्या अभ्यासकाला एखाद्या दिवंगत गायकाची संपूर्ण मैफल ऐकायची असेल, तर विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुधा हा प्रवास करावा लागे, किंवा दिल्ली गाठावी लागे. मैफलींची ध्वनिमुद्रणे त्या शहरांतील संस्थांच्या संग्रहात होती. ती ऐकायची म्हणजे संस्थेच्या श्रवणकक्षात, कानाला यंत्र लावून आणि हाताने टिपणे घेत. प्रत घरी नेण्याची परवानगी सहसा मिळत नसे. आता यांतील बराचसा ठेवा महाजालावर खुला झाला आहे. प्रसार भारतीचा अभिलेखागार, इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने उभारलेला राष्ट्रीय सांस्कृतिक दृक्‌श्राव्य संग्रह आणि अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेचे आभासी संग्रहालय ही त्याची प्रमुख उदाहरणे होत.

जबलपूर १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांच्या व १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली आले, तेव्हापासून तेथे मराठी वस्ती आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी मराठीत लिहिलेली ‘क्रमिक पुस्तक मालिका’ हिंदी भाषांतरातून उत्तर भारतातील संगीत विद्यालयांत पोहोचली. स्वरलिपीमुळे बंदिशी टिकल्या. मात्र ती बंदिश गाणाऱ्याचा आवाज, त्याचा लगाव आणि दोन आवर्तनांमधील त्याचे थांबणे कागदावर उतरत नाही. त्यासाठी ध्वनिमुद्रणच हवे.

भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणाला १९०२ मध्ये कोलकात्यात प्रारंभ झाला. गौहरजान यांच्या त्या काळच्या तबकड्या आजही ऐकता येतात. पण ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला सुमारे ३ मिनिटेच मावत. तासभर चालणारा ख्याल गायकाला तेवढ्यात आटोपावा लागे. तबकडीवर रागाची ओळख मिळते, विस्तार मिळत नाही. शिवाय सर्वांनी तबकड्या दिल्या असे नाही. १९२२ मध्ये निवर्तलेले भास्करबुवा बखले आणि १९४६ मध्ये निवर्तलेले जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ यांचे गाणे आज केवळ शिष्यांच्या गळ्यातून आणि आठवणींतून कळते. ही हानी भरून येण्यासारखी नाही.

संपूर्ण मैफलींचा मोठा साठा निर्माण झाला तो आकाशवाणीमुळे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना, १९५२ मध्ये, संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि १९५४ पासून आकाशवाणी संगीत संमेलने भरू लागली. केसकरांच्या धोरणांवर टीकाही पुष्कळ झाली, परंतु या दोन उपक्रमांचे ऋण नाकारता येणार नाही. या मुद्रणांतून एक गोष्ट जाणवते. १९४० ते १९७१ या काळात आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. त्यामुळे तेव्हाच्या प्रसारणांत गायकाच्या मागे सारंगी ऐकू येते. मैफलीत पेटीच्या साथीने गाणारा कलावंत सारंगीबरोबर कसा गातो, हे ताडून पाहण्याची सोय या संग्रहाने अनायासे करून दिली आहे. २६ जानेवारी २०१६ रोजी आकाशवाणीने ‘रागम्’ ही अभिजात संगीताची अहोरात्र वाहिनी सुरू केली, तीही महाजालावर उपलब्ध करून देण्यात आली.

व्याख्यानांचे महत्त्व वेगळे आहे. १९१६ मध्ये बडोद्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत विद्वान व उस्ताद समोरासमोर बसून चर्चा करीत होते. तो वाद आज केवळ छापील अहवालातून वाचावा लागतो. पुढे मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे पहिले संचालक डॉ. अशोक दा. रानडे यांनी सप्रयोग व्याख्यानाचा प्रकार मराठीत रुजवला. वक्ता बोलता बोलता गातो, गाता गाता थांबून समजावतो. अशा व्याख्यानाचा ग्रंथ केला तर अर्धा भाग गळून पडतो. मुंबईत १९६९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राने अशा सामग्रीचा संग्रह केला. १९८२ मध्ये पुण्यात सुरू झालेले व नंतर दिल्लीजवळ गुरगाव येथे गेलेले लोकसंगीतशास्त्राचे अभिलेख केंद्र संशोधकांची मुद्रणे त्यांच्या अटींसह सांभाळते.

जुनी फीत ऐकवण्याआधी वाचवावी लागते. ॲसिटेटच्या फितीला कालांतराने व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो व ती आक्रसते. काही फितींचा थर चिकट होतो. त्या मंद आचेवर तापवून, तात्पुरत्या वाजत्या करून, अंकीय स्वरूपात उतरवल्या जातात. जतनासाठी घेतलेली तासाभराची उच्च दर्जाची प्रत सुमारे २ गिगाबाइट जागा घेते, तर श्रोत्याला पाठवायची संकुचित प्रत ५०-६० मेगाबाइटमध्ये बसते. म्हणूनच घरी ऐकू येणारी प्रत ही मूळ प्रत नव्हे. अनेक फिती मात्र या टप्प्यापर्यंत पोहोचल्याच नाहीत. फीत महाग असल्याने जुने पुसून त्यावरच नवे मुद्रित करण्याची प्रथा जगभरच्या प्रसारणसंस्थांत होती.

कायद्याची बाजूही सरळ नाही. प्रकाशित ध्वनिमुद्रणावरील स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताचा स्वतंत्र हक्क मान्य झाला व पुढे त्याची मुदत ५० वर्षे करण्यात आली. एका मैफलीत मुख्य गायक, तबलजी, पेटीवाला व आयोजक एवढ्यांचा संबंध येतो. खासगी संग्राहकाने सभागृहात टेपवर घेतलेल्या मैफलीत तर कोणाची संमती कशी घ्यावी, हा प्रश्न अनेक संग्रहांना कुलूपबंद ठेवतो.

याखेरीज नोंदींचा प्रश्न आहे. महाजालावर फिरणाऱ्या जुन्या मुद्रणांत रागाचे नाव चुकलेले असते, साथीदारांचा उल्लेख नसतो, साल नसते. नभोवाणीवरील कार्यक्रमाच्या आरंभी निवेदक कलावंतांची व रागाची नावे सांगत असे. ‘गाणेच तेवढे’ हवे म्हणून ते निवेदन कापून टाकणाऱ्यांनी नकळत त्या मुद्रणाचा दाखलाच पुसला आहे. संग्रहांनी आता निवेदनासह संपूर्ण फीत चढवायला हवी, टाळ्या आणि तंबोरे जुळवण्याच्या आवाजासकट.