चंद्रावर उतरलेली कारभारीण

‘स्टोरेज फुल’ हे शब्द आता आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे झाले आहेत. दोन-तीन वर्षांपूर्वी झटपट चालणारा फोन आज अडखळतो आणि दुकानदार म्हणतो, ताई, नवा घ्या. फोनचं बिघडलेलं असतं काय? पुष्कळदा काहीच नाही. त्याच्या डोक्यावरचं ओझं वाढलेलं असतं. हे ओझं कसं वाढत गेलं, त्याची गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत.

फोन असो की कॉम्प्युटर, त्याच्या आत एक कारभारीण असते. तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. कोणतं काम आधी, कोणतं नंतर, कुणाला किती जागा, हे ती ठरवते. घर लहान असलं की कारभार नेटका करावा लागतो. अशा नेटक्या कारभाराचा एक दाखला थेट चंद्रावरचा आहे.

१९६० च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत अपोलो यानासाठी कॉम्प्युटर घडवला गेला. वजन सुमारे ३२ किलो. कायमच्या सूचनांसाठी सुमारे ७२ केबी जागा. चालू हिशेब लिहायचा नि पुसायचा, त्या पाटीसाठी फक्त ४ केबी. आज ४ जीबी रॅमच्या साध्या फोनची पाटी तिच्या दहा लाख पट मोठी आहे.

त्या कायमच्या सूचना तर चक्क विणल्या जात. वॉल्थम इथल्या रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात बायका सुईने बारीक तार इवल्याशा चुंबकी कड्यांतून ओवत. तार कड्याच्या आतून गेली की एक, बाहेरून गेली की शून्य. त्यांतल्या कित्येक जणी आधी कापडाच्या नाहीतर घड्याळाच्या कारखान्यात काम केलेल्या होत्या. एकदा विणलेलं बदलणं फार जिकिरीचं. त्यामुळे सूचना विणायला देण्याआधी पुन्हा पुन्हा तपासाव्या लागत आणि बिनगरजेच्या सूचनेला जागाच नसे.

यानातल्या सॉफ्टवेअरच्या गटाचं नेतृत्व मार्गारेट हॅमिल्टन यांच्याकडे आलं. आतली कारभारीण रचली होती हॅल लॅनिंग यांनी. तिचा नियम सोपा होता. प्रत्येक कामाला महत्त्वाचा क्रमांक द्यायचा. गर्दी झालीच तर कमी महत्त्वाचं काम बाजूला ठेवायचं, पण मुख्य काम थांबू द्यायचं नाही.

२० जुलै १९६९ ला या नियमाची परीक्षा झाली. यान चंद्रावर उतरत असताना पडद्यावर १२०२ हा धोक्याचा आकडा आला. परत जाताना लागणाऱ्या रडारचे नको ते इशारे कॉम्प्युटरचा वेळ खात होते. कारभारणीने पाटी पुसली, कमी महत्त्वाची कामं सोडली आणि इंजिन व दिशा सांभाळणारी कामं पुन्हा हाती घेतली. आकडा पुन्हा पुन्हा आला, तरी ती डगमगली नाही. जमिनीवरच्या तज्ज्ञांनी ‘पुढे चला’ सांगितलं आणि यान उतरलं.

पुढे जागा स्वस्त झाली आणि हात सैल सुटला. १९९५ साली आलेल्या विंडोज ९५ ला किमान ४ एमबी रॅम पुरे होती. २०२१ च्या विंडोज ११ ला किमान ४ जीबी लागते, म्हणजे हजार पट. १९९५ मध्येच निकलाउस विर्थ या स्विस शास्त्रज्ञाने सडपातळ सॉफ्टवेअरची बाजू मांडणारा लेख लिहिला होता. यंत्रं जितक्या वेगाने जलद होतात, त्याहून वेगाने सॉफ्टवेअर संथ होतं, अशी त्याची तक्रार होती.

सगळीच वाढ वायफळ नाही, हेही खरं. पडद्यावर मराठी अक्षरं नीट उमटणं, फोटो, पैशांच्या व्यवहाराची सुरक्षा, यांना जागा लागणारच. पण कुणी न मागितलेली ॲप्स, सतत धावणाऱ्या जाहिराती, मागच्या मागे चाललेली टेहळणी, हे कुणाच्या सोयीचं?

मनावर घेतलं तर कमी जागेतही भागतं. २०१७ साली गूगलने १ जीबी किंवा त्याहून कमी रॅमच्या फोनसाठी अँड्रॉइड गो आणलं. मात्र २०२२ मध्ये त्याच्याही नव्या आवृत्तीची किमान गरज २ जीबीवर गेली.

या पसाऱ्याची किंमत महागडा फोन वापरणारीला जाणवत नाही. ती मोजते घरातला जुना फोन वाट्याला आलेली बाई. तिचं बँकेचं ॲप उघडत नाही, मुलीचा अभ्यास अडतो आणि चांगला चालू फोन भंगारात जातो. आपल्या घरातली, गावातली मुलंमुली आता सॉफ्टवेअर बनवायला शिकत आहेत. त्यांना आपण एवढं जरूर विचारूया : बाळांनो, तुमचं ॲप आईच्या जुन्या फोनवर चालवून पाहिलंत का?