विधान परिषदेचे सामर्थ्य आणि मर्यादा

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले, त्या वेळी त्या प्रांताचे विधिमंडळ द्विगृही होते. १९३५ च्या कायद्यान्वये १९३७ मध्ये अस्तित्वात आलेल्या विधान परिषदेचा मताधिकार मुख्यत्वे मालमत्ता व प्रतिष्ठा यांवर आधारलेला होता. लोकमताला आवर घालणारे सभागृह, हेच तिचे मूळ स्वरूप होय.

भारतीय राज्यघटनेने हे स्वरूप पालटले. महाराष्ट्राच्या परिषदेतील ७८ सदस्यांपैकी ३० विधानसभा सदस्यांकडून, २२ स्थानिक संस्थांकडून, पदवीधर व शिक्षक यांच्याकडून प्रत्येकी ७ निवडले जातात. उरलेले १२ राज्यपाल नामनियुक्त करतात. सर्वसामान्य मतदाराने थेट निवडलेला असा एकही नाही. म्हणूनच घटनेने परिषदेस नकाराधिकार दिलेला नाही. सर्वसाधारण विधेयक ती प्रथम तीन महिने व पुन्हा एक महिना, तर धनविधेयक केवळ चौदा दिवस रोखू शकते.

मग या सभागृहाचा उपयोग कोणता? दक्षिण महाराष्ट्राचा इतिहास याचे उत्तर देतो. तासगाव तालुक्यातील विसापूरचे वि. स. पागे १९६० ते १९७८ परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम, ही त्यांची कल्पना १९६५ मध्ये तासगाव भागात अजमावली गेली आणि १९७२ च्या दुष्काळात राज्यभर विस्तारली. पुढे तिच्या कायद्याचा अंमल २६ जानेवारी १९७९ पासून सुरू झाला. कोल्हापूर ही ज्यांची कर्मभूमी, ते शेतकरी कामगार पक्षाचे एन. डी. पाटील १८ वर्षे परिषदेचे सदस्य होते. विधानसभेत अल्पसंख्य असलेल्या पक्षाच्या या अभ्यासू नेत्यास परिषदेने दीर्घकाळ व्यासपीठ दिले.

तथापि या उदाहरणांवरून परिषदेची थोरवी सिद्ध होते, असे मानणे घाईचे ठरेल. रोजगार हमीसाठी १९७५ चा व्यवसाय कर आवश्यक होता, आणि कर बसविण्याचा निर्णायक अधिकार विधानसभेचाच होता. विचार वरिष्ठ सभागृहाच्या सभापतींचा असला, तरी त्यास बळ लोकनिर्वाचित सभागृहाने दिले.

दुसरी बाजू अधिक कठोर आहे. साहित्य, शास्त्र, कला, सहकार व समाजसेवा यांतील जाणकारांसाठी असलेल्या १२ नामनियुक्त जागा जून २०२० पासून रिक्त राहिल्या; त्यांपैकी ७ जागा ऑक्टोबर २०२४ मध्ये भरल्या गेल्या. एवढ्या काळात राज्यकारभार कोठेही अडला नाही. ज्यांच्या अभावाची उणीव भासत नाही, त्या जागांचे समर्थन कशाच्या आधारे करावयाचे?

परिषदेचे सामर्थ्य तिच्या अधिकारांत नाही, तेथे कोणास पाठविले जाते यात आहे. निवडणूक जिंकणे ज्यास अवघड, परंतु ज्याचे म्हणणे राज्याने ऐकावयास हवे, अशास तेथे स्थान मिळाले, तर तिचे अस्तित्व समर्थनीय ठरते. पराभूतांची किंवा मर्जीतल्यांची सोय लावणे एवढेच कार्य उरले, तर घटनेच्या १६९ व्या अनुच्छेदात तिच्या विसर्जनाचा मार्ग खुला आहेच.