स्लॉटमध्ये बसवलेली मराठी

फोनवर मराठी टाइप करायला आज वेगळं काहीच लागत नाही. कीबोर्डची भाषा बदलली की झालं. पण एकेकाळी कम्प्युटरला मराठी यावी म्हणून त्याचं झाकण उघडून आत एक कार्ड बसवावं लागायचं. ते कार्ड आज एखाद्या माळ्यावर सापडलं, तरी नव्या कम्प्युटरमध्ये त्याला जागाच नाही. त्यासाठी ३८६ किंवा ४८६ प्रोसेसरचं जुनं मशीन पुन्हा चालू करावं लागतं.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पीसी जाहीर केला. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, वेग ४.७७ मेगाहर्ट्झ. मदरबोर्डवर पाच स्लॉट होते आणि सर्किटच्या आकृत्यांसकट तांत्रिक माहिती आयबीएमने छापून विकली. त्यामुळे कुणालाही या स्लॉटमध्ये बसणारं कार्ड बनवता येणार होतं. बायोस तेवढा कॉपीराइटखाली होता. कॉम्पॅकने तसंच काम करणारा बायोस स्वतः लिहून काढला आणि नकलांचा रस्ता मोकळा झाला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेला ‘असेंबल्ड’ कम्प्युटर याच रस्त्याने घरोघरी आला.

मात्र या पीसीला मराठी येत नव्हती. डॉसच्या पडद्यावर प्रत्येक अक्षराला ठरावीक चौकट, आणि अक्षरांचे आकार डिस्प्ले कार्डावरच्या चिपमध्ये कायमचे कोरलेले. त्यात वेलांटी, रफार, जोडाक्षरं कुठून बसणार? यावर १९८०च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये काम झालं. मोहन तांबे त्या कामातले प्रमुख. पुढे १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झाली आणि तिथून जिस्ट कार्ड बाहेर पडलं. ते स्लॉटमध्ये बसवलं की इंग्रजीसाठी लिहिलेले डॉसचे प्रोग्राम देवनागरी दाखवू लागत. त्यामागची ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९९१मध्ये भारतीय मानक झाली. तिच्यात मराठी ‘क’ला जो क्रमांक, तोच बंगाली आणि तमिळ ‘क’ला. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८च्या आराखड्यावरून घेतली आहे. म्हणजे तुमच्या व्हॉट्सअॅपमधल्या ‘क’चं मूळही तिथपर्यंत जातं.

आयबीएमने मराठीचा विचार केला नव्हता. पण मोकळा स्लॉट ठेवला होता. तेवढं पुरलं.

हाच मोकळेपणा आज दुरुस्तीला उपयोगी पडतो. ३८६-४८६च्या मदरबोर्डचा पहिला शत्रू त्याच्यावरच बसलेला असतो: घड्याळ चालू ठेवणारी, पिंपाच्या आकाराची निकेल-कॅडमियम बॅटरी. वर्षानुवर्षं पडून राहिली की ती पाझरते आणि तिच्यातला क्षार तांब्याच्या रेषा खात जातो. मग बॅटरी काढायची, हिरवट थर व्हिनेगरने मारायचा, बोर्ड धुऊन पूर्ण सुकवायचा आणि तुटलेल्या रेषांवर बारीक तार डाग द्यायची. पॉवर सप्लायचे दोन कनेक्टर लावताना काळ्या तारा मधोमध शेजारी-शेजारी आल्या पाहिजेत. उलटे लावले तर बोर्ड जळतो. क्लॉकचा वेग जंपर हलवून ठरवायचा. हार्ड डिस्क गेली असेल, तर तिच्या जागी कॅमेऱ्यातलं कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड चालतं; फक्त बऱ्याच जुन्या बायोसना ५०४ मेगाबाइटच्या पुढची जागा दिसत नाही.

यातलं प्रत्येक काम घरी, सोल्डरिंग गन आणि मल्टिमीटर घेऊन करता येतं. भाग सुटे आहेत आणि एका कंपनीचा नसला तरी दुसऱ्या कंपनीचा बसतो. तुमच्या हातातल्या फोनची बॅटरीसुद्धा चिकटवलेली आहे.

२०००च्या सुमारास नव्या मदरबोर्डांवरून ते जुने आयएसए स्लॉट नाहीसे झाले. इस्कीतला मजकूर आजही युनिकोडमध्ये उतरवता येतो, त्यामुळे शब्द वाचतील. पण मराठी पहिल्यांदा पडद्यावर आली तेव्हा ती कशी दिसायची, मात्रा अक्षरावर कशी चढायची, हे बघायला कार्ड हवं, कार्डाला स्लॉट हवा आणि स्लॉटला चालू मदरबोर्ड. भंगारात गेलेल्या प्रत्येक ४८६बरोबर अशी एक जागा कमी होते. घरात एखादं जुनं मशीन पडून असेल, तर ते विकायचं की ठेवायचं हे नंतर ठरवा. आधी झाकण उघडून ती बॅटरी तेवढी काढून टाका.