1 जानेवारी, 20 मार्च पाठ. मग 12 मार्च का विसरलो?

शिरूर-दौंडच्या आपल्या पोरांना 1 जानेवारी शिकवावी लागत नाही. 1927 साली याच दिवशी बाबासाहेब भीमा कोरेगावच्या जयस्तंभाला आले. 20 मार्चला त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. या दोन्ही तारखा आपल्या बॅनरवर असतात. पण महाडच्या आठ दिवस आधी, 12 मार्चला, ते मुंबईच्या कायदेमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलले. ती तारीख कुणाला आठवते?

त्या भाषणात त्यांनी हिशेब मांडला. शाळेत दाखल झालेल्या 100 मुलांपैकी फक्त 18 चौथीपर्यंत पोचतात. उरलेली 82 पुन्हा निरक्षर होतात. म्हणजे प्रश्न नुसता दाखल्याचा नव्हता, टिकण्याचा होता.

त्याआधी 1882 साली जोतीरावांनी हंटर आयोगाला गळतीचे कारण सांगितले होते: गरिबी. पोरे गुरे राखायला आणि शेतात लागतात. म्हणून त्यांनी शिष्यवृत्त्या, बक्षिसे आणि निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे शिक्षण मागितले. दोष आईबापांच्या माथी मारला नाही.

आज काय चित्र आहे? 2009 चा शिक्षणहक्क कायदा 6 ते 14 वयापुरता, म्हणजे आठवीपर्यंत. खरी गळती तिथूनच पुढे. ऊसतोड, वीटभट्टी, रांजणगाव-कुरकुंभच्या कंपन्यांतली कंत्राटी पाळी. आईबाप कामावर, धाकटी भावंडे नववीतल्या पोरीच्या कडेवर. गृहपाठ राहतो. वर्गात अपमान नको म्हणून ती एक दिवस शाळा चुकवते, मग आठवडा. शेवटी आपणच म्हणतो, "तिला शिक्षणाची आवडच नाही."

आवड एकट्याने टिकत नाही, मित्रांनो. परळच्या चाळीत बाबासाहेबांचे कुटुंब एका खोलीत राहायचे. सुभेदार रामजी स्वतः जागून त्यांना पहाटे दोनला अभ्यासाला उठवत. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेल्या भीमरावाची केळुस्कर गुरुजींनी विचारपूस केली, पुस्तके दिली. बुद्धी अफाट होतीच. पण वेळ, जागा आणि विचारपूस करणारे माणूसही मिळाले.

काही कार्यकर्ते म्हणतात, हे सरकारचे काम, आपण केले तर सरकार सुटेल. मग बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 साली सोलापूरला वसतिगृह कशाला काढले? बाबासाहेबांनी कायदेमंडळात जाबही विचारला आणि वसतिगृहेही चालवली. एकाने दुसरे अडले नाही.

आपल्या कित्येक विहारांना वंदनेनंतर कुलूप लागते. ते दोन तास उघडे ठेवा. दिवा आहे, सतरंजी आहे, वस्तीत एखादा पदवीधर आहेच. रोज हजेरी घ्या. जे पोर दोन दिवस दिसले नाही त्याच्या घरी जा. आणि नववी-दहावीसाठी कायद्याची मागणीही सोडू नका.

येत्या 1 जानेवारीला स्तंभाकडे निघण्याआधी आपल्या वस्तीतली शाळा सुटलेली पोरे मोजा. बाबासाहेबांनी 82 मोजली होती.

जय भीम!